आज तक्रार नाही

भाऊसाहेबांना एकदा ताप भरला होता. मी त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन श्रीगोंद्याला डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय तक्रार आहे?" भाऊसाहेब म्हणाले, "तक्रार नाही, ताप आहे." डॉक्टर हसले, पण भाऊसाहेब हसले नाहीत. तक्रार कुणाविरुद्ध तरी असावी लागते, तापाविरुद्ध ती करून काय उपयोग, तुम्ही 'काय होतंय' असं विचारत जा, हे त्यांनी डॉक्टरला नीट समजावलं आणि मगच जीभ बाहेर काढून दाखवली. परतीच्या वाटेवर अंगात एकशे दोन ताप असताना तेच सगळं त्यांनी पाठीमागून मला पुन्हा ऐकवलं. उन्हाच्या झळा, चढाचा रस्ता आणि मागं हे प्रवचन. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या.

आमच्या जिल्ह्यात तलाठ्यापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांना लोक भाऊसाहेबच म्हणतात. त्यामुळे मी हे नाव सांगितलं तरी त्यांचं नाव सांगितल्यासारखं होत नाही. खरं नाव सांगण्याचा मला अधिकार नाही. का नाही, ते पुढं येईलच.

बाहत्तरच्या दुष्काळात श्रीगोंद्याच्या पूर्वेला एका पाझर तलावाचं काम निघालं होतं. मी बेलापूरकडचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला. इंटरला दोनदा आपटल्यावर वडिलांनी कुणाकुणाचे पाय धरून मला तिथं हंगामी मस्टर कारकून म्हणून चिकटवलं. माणसांची हजेरी घ्यायची, एवढंच काम. पण ती माणसं पाहून पहिले आठ दिवस मला जेवण गेलं नाही. बाराशे माणूस रोज उन्हात माती खणत होतं आणि दुपारी लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची, भाकरी पाण्यात बुडवून खात होतं. माझ्यावर साहेब म्हणून कचेरीतून आलेले भाऊसाहेब होते. पन्नाशी उलटलेली, अंगानं काडी, डोक्याला काळी टोपी आणि असल्या उन्हातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. कोटाच्या खिशाला दोन पेनं असत. निळं रोजच्या कामाचं आणि लाल तक्रारीचं. लाल पेनातली शाई कधी संपताना मी पाहिली नाही.

कामावर एक तक्रार वही ठेवावी असा सरकारी नियम असावा. बाकीच्या कामांवर ती वही कुठं असे ते देव जाणे. आमच्याकडे ती लाल कापडात बांधून पत्र्याच्या पेटीत सर्वांत वर असे. भाऊसाहेबांनी स्वतः पट्टी घेऊन तिच्यात पाच रकाने आखले होते: कोण, कधी, कुठे, काय, आणि शेवटचा, काय पाहिजे. त्यांचा सगळा जीव त्या शेवटच्या रकान्यात. ज्याला काय पाहिजे ते सांगता येतं त्याची तक्रार, बाकी सगळी कुरकुर, असं त्यांचं म्हणणं. सासू करते ती कुरकुर, देवापुढं घालतात ते गाऱ्हाणं आणि सरकारात देतात ती तक्रार. एकदा जेवताना मी भाजीत मीठ जास्त झालंय म्हणालो, तर त्यांनी घास हातातच ठेवून विचारलं, "ही तक्रार आहे का बातमी?" ते वाक्य पुढं आमच्या पालावर, त्या कचेरीच्या तंबूत, म्हणच होऊन बसलं. पाऊस नाही, मिलोत किडे, ओव्हरसीयरचा कुत्रा चावला, काहीही असो, कुणीतरी विचारायचंच, तक्रार का बातमी.

रोज संध्याकाळी सुट्टीची शिट्टी झाली की भाऊसाहेब डांबराच्या एका उलट्या पिंपावर चढत. कोटाच्या खिशातून घड्याळ काढत आणि मोठ्यानं विचारत, "कुणाची काही तक्रार?" मग पुरी दोन मिनिटं वाट बघत. बाराशे माणसं डोक्यावर पाट्या, कडेवर पोरं घेऊन उभी असायची. कुणाला तीन कोस चालायचं असायचं, कुणाला घरी जाऊन पाण्याच्या रांगेत उभं राहायचं असायचं. कुणी काही बोलायचं नाही. दोन मिनिटं झाली की भाऊसाहेब खाली उतरत आणि निळ्या शाईनं वहीत तारीख घालून लिहीत, 'आज तक्रार नाही.' खाली त्यांची सही आणि साक्षीदार म्हणून माझी. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ओव्हरसीयर त्यांना 'पिंपावरचे महाराज' म्हणायचा आणि आम्ही तोंड फिरवून हसायचो.

लोक एकदा बोलले होते, नाही असं नाही. एका टोळीतल्या म्हाताऱ्यानं पिंपासमोर येऊन कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या गोड पिठाला रॉकेलचा वास मारतो म्हणून सांगितलं होतं. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा आनंद पाहिला. त्यांनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, लाल पेन काढलं, पाचही रकाने भरले, अंगठा घेतला आणि नक्कल वर पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आलं. सुकडीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. ती सगळी टोळी दहा मैलांवर रस्त्याच्या कामाला खडी फोडायला पाठवावी, असा हुकूम होता. जाताना म्हाताऱ्यानं भाऊसाहेबांना रामराम केला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. भाऊसाहेबांनी त्या हुकमाविरुद्ध स्वतःच्या नावानं तक्रार केली. तिचं उत्तर आलंच नाही. तेव्हापासून पिंपासमोर कुणी यायचं बंद झालं.

मी एकदा धीर करून म्हणालो, भाऊसाहेब, लोक घाबरतात, कशाला रोज विचारता. ते म्हणाले, घाबरतात म्हणूनच विचारायचं. न विचारलेल्या माणसाला नाही म्हणायचीसुद्धा सोय नसते.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं नसताना. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. पोटात गाठ होती. वर्षभर ती पोट धरून स्वयंपाक करत होती आणि विचारलं की काही नाही म्हणत होती. विचारलं की, म्हणजे किती वेळा, हेही त्यांनी सांगितलं. दोनदा. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, बाई मोठी सोशिक, कधी कशाबद्दल तक्रार केली नाही हो. "हे वाक्य लोक कौतुकानं म्हणतात," भाऊसाहेब म्हणाले, "मला ते माझ्यावरच्या आरोपासारखं ऐकू येतं." एवढं बोलून त्यांनी हजेरीचे कागद पुढं ओढले. मी ते त्यांना क्रमानं लावून दिले.

आता गयाबाईबद्दल सांगायला हवं. ती चाळिशीची बाई होती, आडव्या हाडाची, आणि तोंड म्हणजे पट्टाच. उन्हापासून मुकादमाच्या मिशीपर्यंत तिला काहीच पसंत नसायचं. तिची टोळी मुरमाच्या खाणीत खणायची आणि ती बोलायला लागली की आसपासच्या चार खाणी हसत हसत खणायच्या. तिचा नवरा धोंडीबा पलीकडे भरावावर धुमसानं माती ठोकायचं काम करायचा. तो गरीब माणूस, दिवसाला दहा शब्द बोलला तर पुष्कळ. भाऊसाहेब गयाबाईला दटावायचे, ही सगळी कुरकुर आहे बाई, हिचा उपयोग नाही. ती म्हणायची, "मंग काय, लाल शाईत कुरकुरू व्हय?" त्यावर भाऊसाहेबसुद्धा ओठ दाबून घ्यायचे.

मुरूम खणायची आमच्याकडे एक रीत पडली होती. वरून खणत खाली यायचं, हा नियम. पण पोटात अन्न नसलेल्या माणसाला ते झेपत नाही. म्हणून लोक खालूनच पोखरत आत जायचे. खालचं मऊ लागतं आणि वरची माती आपल्या वजनानं आपोआप पडते, खणायचे कष्ट वाचतात. मुकादम बघून न बघितल्यासारखं करायचे, ओव्हरसीयरही करायचा आणि मीही.

एके दिवशी सुट्टीच्या थोडं आधी गयाबाई आमच्या पालाशी आली. मागं तिचा मुकादम होता. आत भाऊसाहेब आणि मी. ती नेहमीसारखी बोलत आली नाही, तेव्हाच मी मान वर केली.

"भाऊसाहेब, आमच्या खानीच्या वर चीर पडली हाय," ती म्हणाली. "माझा पंजा मनगटापत्तोर आत जातोय. खालून लई पोखारलंय. ती दरड बसनार."

भाऊसाहेब उठले. पेटीतून वही काढली, लाल पेन काढलं. कोण, कुठली खाण, चीर कधी दिसली, हे सगळं त्यांनी विचारलं. आधी सगळं तोंडी पक्कं करायचं आणि मगच लिहायचं, अशी त्यांची शिस्त. वहीत खाडाखोड त्यांना खपायची नाही. शेवटी त्यांनी विचारलं, काय पाहिजे. तिनं क्षणभरही विचार केला नाही. दुसरी खाण द्या, नाहीतर वरून आधी दरड पाडून घ्या, असं ती म्हणाली. मी भाऊसाहेबांच्या हाताकडे बघत होतो. टोपण काढलेलं लाल पेन त्यात तयार होतं. इतक्या दिवसांनी त्यांना पुन्हा एक पुरी तक्रार मिळत होती आणि खरं सांगायचं तर ते खूश झाले होते. त्यांनी अंगठ्याचं शाईचं पॅड उघडून पुढं सरकवलं.

मुकादम मागून हळूच म्हणाला, "गयाबाई, खडीवर जायचंय का? टोळीत तीस मानसं हायत माझ्या."

गयाबाई त्या पॅडकडे बघत राहिली. मग तिनं हात लुगड्याला पुसला, हाताला अजून शाई लागलेली नसताना.

"ऱ्हाऊ द्या भाऊसाहेब. माझी काय तक्रार न्हाई. आपलं बोलले."

नावाशिवाय मला लिहिता येत नाही, असं भाऊसाहेब म्हणाले. मग नका लिहू, असं ती म्हणाली आणि गेली. मला त्याच वेळी वाटलं होतं की माझं नाव घाला म्हणावं. मस्टर कारकुनाची तक्रार चालली असती. पण मी हंगामी होतो, वडिलांनी धरलेले पाय मला आठवत होते, आणि मी गप्प बसलो. शिट्टी झाली. भाऊसाहेब पिंपावर चढले आणि त्या दिवशी दोनाऐवजी चार मिनिटं थांबले. सगळा वेळ ते गयाबाईकडे बघत होते. ती खाली बघून फडक्यात भाकरीचा तुकडा बांधत होती. मग त्यांनी उतरून निळ्या शाईनं लिहिलं, 'आज तक्रार नाही.' मी खाली सही केली. ओव्हरसीयर नगरला गेला होता. उद्या सकाळी तो आला की त्याला खाणीवर घेऊन जाऊ, असं भाऊसाहेब मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी त्या खाणीवर गेलो, तेव्हा गयाबाईच्या हातात कुदळ होती. रोज ती पाट्या उचलायची आणि तरण्या पोरी खणायच्या. आज तिनं सगळ्यांना पाट्यांना लावून लांब काढलं होतं. तू का खणतेस, असं मी विचारलं. पोरींची नखं मोडतात, असं ती म्हणाली. मी तिच्या नावापुढं खूण केली आणि पुढच्या खाणीवर गेलो. ओव्हरसीयरची जीप अजून आली नव्हती. पाठीमागं आवाज झाला तो फार मोठा नव्हता, बैलगाडीतून माती ओतल्यासारखा. तिला बाहेर काढायला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासाचं काही लिहावं असं मला वाटत नाही.

दुपारी नगरहून मोठे साहेब आले आणि श्रीगोंद्याहून हवालदार आला. पालातच पंचनामा सुरू झाला. मयत बाई, सूचना न जुमानता दरडीखाली शिरून, स्वतःच्या हलगर्जीपणामुळे, असा मजकूर निघत होता. साहेबांनी तक्रार वही मागवली. त्यांनी पानामागून पान उलटलं. आधीची लाल शाईची दोन पानं सोडली तर महिन्यांमागून महिने 'आज तक्रार नाही', खाली दोन सह्या. अपघाताच्या आदल्या दिवशीही तेच. साहेबांना एवढं चोख दप्तर कुठंच पाहायला मिळालं नव्हतं. ह्याच्यापुढं बोलायला काय राहिलं, असं ते हवालदाराला म्हणाले.

भाऊसाहेब उभे राहिले. कालची नोंद खोटी आहे, ते म्हणाले. बाईनं तोंडी सांगितलं होतं, चीर कुठं आहे आणि काय करायला पाहिजे तेही सांगितलं होतं. अंगठा दिला नाही म्हणून मी लिहिलं नाही. चूक माझी आहे, बाईची नाही. साहेबांनी कोण साक्षीला आहे म्हणून विचारलं. भाऊसाहेबांनी मुकादमाचं आणि माझं नाव सांगितलं. मुकादम आपल्या कानावर काही आलं नाही म्हणाला. मग साहेब माझ्याकडे वळले.

दरड पडल्यावर जीपमधून आलेल्या ओव्हरसीयरनं पंचनाम्याआधीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की कायम करायच्या लोकांची यादी साहेबांबरोबर जाणार आहे. ह्याहून जास्त त्यानं काही सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. मी म्हणालो, मी मस्टर लिहीत होतो, मी काही ऐकलं नाही. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते वहीकडे बघत होते आणि मला वाटतं, माझ्या सहीकडे.

बाहेर धोंडीबा पालाच्या खुंटीशी उकिडवा बसला होता. भाऊसाहेबांनी त्याला आधीच सांगितलं होतं की तुझ्या बायकोनं धोका ओळखला होता, तिनं सांगितलं होतं. पण भाऊसाहेब म्हणजे पिंपावर चढणारे, डॉक्टरशी वाद घालणारे. अख्ख्या कामावर त्यांना चांगला पण जरा सरकलेला माणूस म्हणून ओळखत. चक्रम माणसानं खरं सांगितलं तरी ऐकणारा दुसऱ्या कुणाला तरी विचारून घेतो. मी बाहेर आलो तेव्हा धोंडीबानं माझा हात धरला.

"भाऊ, तुमी रोज तिची हजेरी घेता. खरं सांगा. ती काय बोलली हुती का?"

पालात साहेबांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "नाही."

त्यानं मान हलवली. "मंग तिचीच चूक म्हनायची," तो म्हणाला. "लई घाई हुती तिला."

असल्या मरणानंतर नातेवाइकाचा जबाब घेतात, त्याचा एक मजकूर ठरलेला असतो. हवालदारानं तो वाचून दाखवला. पत्नीच्या मृत्यूबाबत माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. धोंडीबानं अंगठा पुढं केला. हवालदाराकडे शाई नव्हती, म्हणून पॅड आमचंच घेतलं. बाईच्याच हलगर्जीपणानं झालं असं ठरल्यामुळे घरच्यांना सरकारकडून काही मिळालं नाही. ती टोळी मात्र दुसऱ्या दिवशी कामावर राहिली, शेजारच्या खाणीत.

भाऊसाहेबांना साहेबांनी विश्रांतीसाठी रजेवर जायला सांगितलं आणि रजा संपल्यावर त्यांना नगरच्या कचेरीत जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवलं. कामावर नवीन कारकून आला. त्यानं तक्रार वही पेटीच्या तळाशी टाकली. मी दोन महिन्यांत कायम झालो.

पुढं तीन-चार वर्षांनी मी कामानिमित्त नगरला गेलो आणि त्यांना भेटलो. दप्तरांच्या ढिगांमध्ये ते बसले होते, अंगात तोच कोट. त्यांनी चहा मागवला, वडिलांची चौकशी केली, लग्न झालं का विचारलं. मी त्यासाठी आलो नव्हतो. चहा संपल्यावर मी म्हणालो, त्या दिवशी मी साहेबांसमोर खोटं बोललो. एवढं म्हणून मी वाट बघत बसलो. त्यांनी रागवावं, निदान हाकलून तरी द्यावं, असं मला मनापासून वाटत होतं.

ते म्हणाले, "मला कशाला सांगता? मी तिथंच होतो."

मग कुणाला सांगू, असं मी विचारलं.

"धोंडीबाला सांगा. माझं त्यानं ऐकलं नाही. तुमचं ऐकेल."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा चष्मा लावला. निघताना मी पाया पडलो, त्यांनी पडू दिलं.

धोंडीबाचं गाव श्रीगोंद्यापासून पाच कोसांवर आहे. तेव्हा तिकडं दिवसातून एकच गाडी जायची, ती चुकली तर मुक्काम पडायचा. त्या वर्षी न जायला मला तेवढं कारण पुरलं. नंतर रस्ता डांबरी झाला, गाड्या वाढल्या, मी स्वतःची मोटरसायकल घेतली. भाऊसाहेब वारले. मी नोकरीतून निवृत्त झालो. मागच्या वर्षी एका लग्नात त्या गावचा एक माणूस भेटला, त्याला मी धोंडीबाबद्दल विचारलं. म्हातारा होऊन गेला म्हणाला, चांगला माणूस होता, दुसरं लग्न केलं नाही. बायकोबद्दल काही बोलायचा का, असं मी विचारलं. फारसं नाही, तो म्हणाला. कुणी तिचं नाव काढलं तर एवढंच म्हणायचा, लई घाई हुती तिला.